छबुआत्याचं आठ सिलिंडरचं घर

एकोणीसशे अडुसष्ट साली अमेरिकेत तयार झालेली डॉज चार्जर आमच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, नमुना आठमध्ये, घर म्हणून लागलेली आहे. घर क्रमांक १४७/अ. भिंती पत्र्याच्या, छत पत्र्याचं, खोली एक, दारं दोन. राहणार श्रीमती छबुबाई. ही नोंद साफ चुकीची आहे असं मी वर्षभरापूर्वी छातीठोकपणे सांगत होतो. आता सांगत नाही. आता मी त्या नोंदीच्या बाजूने लेखी आहे.

मसल कार म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगतो. (थोडक्यात सांगणं मला जमत नाही. बीडमध्ये पोलीस भरतीच्या क्लासला मी बुद्धिमत्ता चाचणी शिकवतो, आणि दोन ओळींचा प्रश्न दीड तास पुरवायची मला सवय आहे.) मसल कार म्हणजे अशी गाडी, जिचं बॉनेट उरलेल्या गाडीपेक्षा लांब असतं, ज्याच्याखाली ट्रॅक्टरला कमीपणा वाटेल असं इंजिन असतं आणि सामान ठेवायचं म्हटलं तर कुणाला तरी उतरावं लागतं. मस्टँग, कॅमारो, चॅलेंजर, चार्जर. जगभरातले शौकीन ह्या गाड्या एसी लावलेल्या गोडाऊनमध्ये ठेवतात आणि रविवारी मऊ फडक्याने पुसतात. मी मोबाइलची काच पुसतो. संग्राहकांच्या एका ग्रुपमध्ये मी सहा वर्षं आहे. कोणत्या साली चार्जरचे मागचे दिवे गोल होते आणि कोणत्या साली लांबट झाले ह्यावरून पोर्तुगालमधल्या एका माणसाशी माझं अकरा दिवस भांडण चाललं होतं. मी जिंकलो. स्वतःचं वाहन म्हणाल तर स्कूटर आहे. ती डावीकडे कलती केल्याशिवाय चालू होत नाही.

तर ही चार्जर मला सापडली शिरूर कासारच्या पलीकडे, छबुआत्याच्या वस्तीवर. सापडली म्हणजे मी तिला जन्मापासून बघत होतो, पण गाडी म्हणून नव्हे. तिच्यावर कायम कडब्याची गंज रचलेली असायची, बाजूच्या दारातून करडं आतबाहेर करायची आणि आम्ही पोरं तिला डबा म्हणायचो. गेल्या उन्हाळ्यात कडबा लवकर संपला आणि डब्याचं नाक बाहेर आलं. लांबलचक काळी जाळी, आणि दिवे नाहीत. अडुसष्टच्या चार्जरचे दिवे जाळीच्या झाकणांमागे लपवलेले असतात. इंजिन सुरू झालं की त्याच्या ओढीने झाकणं उघडतात. हे जगात ज्या मोजक्या लोकांना माहीत आहे त्यांतला एक मी, तिथे हातात चहाची बशी घेऊन उभा होतो. वस्तीवर मात्र ही गाडी आंधळी म्हणून प्रसिद्ध होती, आणि तिला आंधळी करण्याबद्दल दोन वेगवेगळे देव जबाबदार धरले जात.

ती इथे कशी आली तेही सांगितलं पाहिजे. आत्याचे यजमान अर्जुनराव कडा गावच्या एका बागायतदार पुढाऱ्याकडे ड्रायव्हर होते. पुढाऱ्याने हैदराबादच्या कुणाकडून तरी ही गाडी आणली, निवडणुकीत तीन गावं फिरवली, चौथ्या गावात ती बंद पडली. निवडणूकही पडली. दोन्हींचा संबंध जोडला गेला आणि अर्जुनरावांना हुकूम झाला की ही पीडा स्वतःच्या नावावर करून डोळ्यांपुढून ने. अर्जुनरावांनी दोन बैलजोड्या जुंपून तीन दिवसांत ती वस्तीवर आणली. म्हणजे दोनशे तीस घोड्यांची ताकद चार बैलांनी ओढून आणली. पुढे चाकं इकडेतिकडे कामाला गेली, गाडी दगडांवर टेकली. अर्जुनराव वारल्यावर आत्याने शेळ्या धरल्या. आमच्या भागात बिबट्या फिरतो. म्हणून आत्या दिवस मावळला की करडं मागच्या सीटवर कोंडते आणि स्वतः पुढच्या सीटवर झोपते. आजूबाजूच्या तीन वस्त्यांवरून बिबट्याने काही ना काही नेलं, चार्जरमधलं एक करडू त्याला नेता आलं नाही. ह्या गाडीवर इंग्रजीत एवढं लिहिलं गेलंय, पण हा गुण कुणी नोंदवलेला नाही.

मी आत्याला म्हणालो, ही मला दे.

"डबा?" आत्या म्हणाली. "कावून रे?"

मी दहा मिनिटं बोललो. इंजिनाची क्षमता सांगितली, मागच्या काचेचा उतार हाताने काढून दाखवला. आत्याने सगळं ऐकून घेतलं, मधे एका शेळीला हाकललं, आणि विचारलं, "मंग करडं कुठं कोंडू? तुझ्या क्लासात?"

शेवटी करार झाला. आत्याचं नाव नऊ वर्षांपासून घरकुलाच्या यादीत होतं. पक्कं घर झालं, त्याला आतून कडी लागली, की डबा माझा. त्याआधी एक नट जरी काढला तर ती माझ्या आईला सांगणार होती. हे शेवटचं कलम जास्त कडक होतं.

घरकुलाच्या यादीत नाव आलं होतं ते मुळात ह्या गाडीमुळेच. पूर्वी कधीतरी पाहणी करायला एक माणूस आला होता. त्याने विचारलं, झोपता कुठे. आत्याने दाखवलं. त्याच्या फॉर्मवर भिंत कशाची, छत कशाचं, दार लागतं का, एवढेच रकाने होते. चाकं आहेत का असा रकाना नव्हता आणि तशीही चाकं नव्हती. तेव्हापासून १४७/अ हे कच्चं घर झालं, आणि रेशनकार्ड, निराधार पगार, मतदान कार्ड, सगळ्यावर तोच पत्ता चढला. आत्या सरकारदरबारी चार्जरमध्ये राहत होती, आणि हे जिल्ह्यातलं बहुधा एकमेव कागदपत्र असेल ज्यात लिहिलेलं आणि घडत असलेलं एकच होतं.

इथे मी थांबलो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण मला घाई झाली. घरकुल येईल तेव्हा येईल, तोवर गाडीचे कागद तरी नावावर करून घेऊ, असा विचार करून मी बीडला आरटीओच्या बाहेर टेबल टाकून बसणाऱ्या एका एजंटला गाठलं. तो म्हणाला, मालक मयत आहेत, तर आधी वारसाच्या नावावर, मग तुमच्या. कागद हरवलेत, तर आधी पेपरात जाहीर प्रगटन द्या. मजकूर तो लिहून देणार होता. मी म्हणालो, मजकूर मी लिहितो. आयुष्यात माणसाला काही वाक्यं परत घेता आली पाहिजेत.

सहा वर्षं ग्रुपवर लिहून लिहून जी भाषा हाताला लागली होती, ती मी त्या चौकटीत ओतली. 'श्रीमती छबुबाई यांच्या मालकीची व ताब्यातील, अमेरिकन बनावटीची, आठ सिलिंडरची, आलिशान स्पोर्ट्स गाडी, जिचे जगभरातील संग्राहक स्वप्न पाहतात...' कायद्याला 'आलिशान'ची गरज नव्हती. तो शब्द मी प्रेमाने घातला. प्रगटन एका हरवलेल्या मार्कमेमोच्या खाली छापून आलं आणि मी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. पोर्तुगालवाल्याने विचारलं, इंजिन कोणतं. मी म्हणालो, तीनशे अठरा क्युबिक इंच. तो म्हणाला, अच्छा, फक्त तीनशे अठरा. दोन दिवस मला ह्याच गोष्टीचं वाईट वाटत होतं, ह्यावरून मला परिस्थितीची किती कल्पना होती ते कळेल.

परिस्थिती अशी होती की ज्याच्या मालकीची चारचाकी आहे त्याला घरकुल मिळत नाही. हा नियम आमच्या क्लासच्या भिंतीवर, योजनांच्या तक्त्यात, पाचव्या ओळीत आहे. मी रोज त्याच्याखाली उभा राहून शिकवतो.

आत्याच्या शेजारी परमेश्वर नावाचे एक गृहस्थ राहतात. ते शिरूरच्या हॉटेलात पेपर पहिल्या पानापासून टेंडर नोटिशीपर्यंत वाचतात, कारण चहाचे पैसे दिलेत तर पूर्ण वापर झाला पाहिजे असं त्यांचं मत आहे. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही सांगतो. ते ग्रामसभेत उठले, माइक मागून घेतला, आणि छबुबाईकडे अमेरिकन आलिशान गाडी असणं ही गावाला भूषणाची गोष्ट असून त्यांचा नारळ देऊन सत्कार करावा असा ठराव मांडला. अनुमोदनही मिळालं. ठराव इतिवृत्तात गेला. त्याच सभेत, पुढच्याच विषयात, घरकुलाची यादी वाचली जायची होती.

ग्रामसेवक हरिओम ह्यांचा मला फोन आला. फार सौम्य माणूस. म्हणाले, "सर, तुमी शिकलेले. कावून छापलं हो?" मग म्हणाले की आता इतिवृत्तात आल्यामुळे त्यांचा नाइलाज आहे. नाव थांबवलं आहे, मंगळवारी इंजिनिअर मॅडम प्रत्यक्ष पाहणीला येतील, त्या जे लिहितील ते अंतिम.

मी स्कूटरवरून वस्तीवर गेलो. आत्या ओरडेल अशी माझी तयारी होती, किंबहुना ओरडावी अशी इच्छा होती. ती शेळीचं दूध काढत होती. दूध काढून झालं. तांब्या बाजूला ठेवला.

"नऊ वर्सं यादीत व्हते," ती म्हणाली. "तू एका दिसात काढलंस."

नंतर तिने मला चहा दिला. तो पिताना मला स्वतःबद्दल जे वाटलं ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. ते बॉनेटपेक्षा लांब होईल.

मंगळवारला पाच दिवस होते आणि सल्ले भरपूर. परमेश्वरांना आपण काय केलं हे कळल्यावर त्यांनी भरपाई म्हणून दिवसाला दोन सल्ले द्यायला सुरुवात केली. गाडी पुरून टाका. पुरता येत नसेल तर तिच्यात देव बसवा, देव बसला की कुणी हात लावत नाही. मी विचारलं, मग आत्या देवळात राहते असं होईल, त्याचं काय. ते म्हणाले, मग पुजारीण म्हणून मानधन मागा. शेवटी ठरलं ते साधं होतं. जे घर आहे ते जास्त घर दिसलं पाहिजे.

आणि मग मी, ज्याने ह्या गाडीचा मूळ रंग कोणत्या क्रमांकाचा होता ह्यावर रात्री जागवल्या होत्या, त्या बॉनेटवर शेण-मातीचा हात फिरवला. दोन थर. वर चुन्याने शुभ-लाभ. छताला तोरण. दारांना आईच्या जुन्या साडीचे पडदे. स्टिअरिंगला दोन गाडगी टांगली, कारण ते लपवता येईना. पुढच्या बंपरसमोर चूल मांडली. डिकीवर तुळस. सगळं झाल्यावर लांबून पाहिलं आणि मला कबूल करावं लागलं की ती चार्जर ह्यापेक्षा जास्त सुखात कधीच दिसली नव्हती. सवयीने फोटो ग्रुपवर गेला. पोर्तुगालवाल्याने विचारलं, बॉनेटला कोणता फिनिश आहे. मी लिहिलं, नैसर्गिक.

एक गोष्ट राहिली, ती म्हणजे पप्पू. पप्पू शिरूरला उसाच्या ट्रॅक्टरची कामं करतो. मी त्याला दोन महिन्यांपूर्वी गुपचूप इंजिनाच्या कामावर बसवलं होतं. नट काढायचा नाही ही आत्याची अट त्याला सांगितली होती आणि त्याने ती पाळली. काढलं काही नाही, वाढवत गेला. प्रगटनानंतर मी त्याला फोन करून सगळं थांबव म्हणालो. तो म्हणाला, "बरं." आता पप्पू कशालाही बरं म्हणतो. त्याचे वडील वारल्याचा निरोप आला तेव्हाही तो आधी बरं म्हणाला होता. शिवाय हंगाम सुरू झाला होता, तो कड्याच्या कारखान्यावर गेला असणार असं मी धरून चाललो.

मंगळवारी अकरा वाजता दीपमाला मॅडम स्कूटीवर आल्या. मागे हरिओम, मांडीवर फाईल. मॅडम कंत्राटी होत्या, वयाने माझ्याएवढ्या. त्या दिवशी त्यांना एक्केचाळीस घरं पाहायची होती, आमचं सहावं होतं, आणि त्यांच्या मोबाइलला नऊ टक्के चार्जिंग उरलं होतं. हे त्यांनी आल्याआल्या सांगितलं, म्हणजे कुणी चहाचा आग्रह करू नये.

त्यांनी घराभोवती एक फेरी मारली. तुळशीपाशी थांबल्या. पडदा सरकवून आत पाहिलं, आतून तीन करडांनी बाहेर पाहिलं. मॅडमनी लिहिलं.

"हे काय आहे?" त्यांनी स्टिअरिंगकडे बोट केलं.

"शिंकं," आत्या म्हणाली.

"आणि ही बाटली?"

मी वळून पाहिलं. बॉनेटच्या फटीजवळ, तोरणाच्या दोरीला, एक प्लॅस्टिकची बाटली उलटी टांगली होती आणि तिच्यातून एक नळी शेणाच्या थरातून आत गेली होती. आदल्या संध्याकाळी ती तिथे नव्हती. मी म्हणालो, सलाईन आहे, एका शेळीला बरं नाही. बोलताना मला पेट्रोलचा वास आला आणि त्याच क्षणी दोन दगडांच्या मधून, गाडीच्या खालून, पप्पूच्या चपला दिसल्या. चपलांत पप्पू होता. तो पहाटेच येऊन खाली आडवा झाला होता, काम संपवून तिथेच सावलीला झोपला होता, आणि आता बोलण्याच्या आवाजाने जागा होत होता. जाग आली की हातात जे असेल ते पुढे चालवायचं ही कारखान्यावरची सवय. हातात स्क्रू ड्रायव्हर होता, उशाशी ट्रॅक्टरची बॅटरी, आणि नाकासमोर स्टार्टर.

मी खोकलो. त्याला तो इशारा वाटला असावा.

त्या आवाजाचं वर्णन मी सहा वर्षं वाचत आलो होतो. सगळं वर्णन तोकडं आहे. आधी जमिनीतून काहीतरी वर आलं, मग चुलीतली राख उडाली, मग आठही सिलिंडर, जे चार बैलांमागून मुकाट आले होते, एकदम बोलायला लागले. शुभ-लाभमधलं लाभ गळून पडलं. मग शेणाचा थर बॉनेटवरून अखंड घसरला. सगळी करडं खिडकीतून बाहेर आली. आणि जाळीच्या मागे काहीतरी करकरलं, एका बाजूची नळी पन्नास वर्षांत कुजली असावी, पण दुसऱ्या बाजूचं झाकण हळूहळू बाजूला झालं. घर क्रमांक १४७/अ ने एक डोळा उघडला आणि तो दीपमाला मॅडमकडे लावला.

अकरा सेकंद. मग पेट्रोल संपलं.

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते धुरामुळे असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मॅडम, हिला अडुसष्टची चार्जर म्हणतात. पाठीमागे आत्या उभी होती.

"गिरणी हाय," मी म्हणालो.

"गिरणी."

"पिठाची. घरगुती."

"दळन झालं आता," आत्या म्हणाली.

मॅडमनी त्या एका डोळ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग वाकून दगड पाहिले. चाकं कुठे आहेत ते विचारलं नाही. एवढंच विचारलं की ही वस्तू जागची हलते का. मी म्हणालो, नाही. कधी हलली होती का. आत्या म्हणाली, बैलांनी. खाली दगडांमागून "बरं" असं कुणीतरी म्हणालं, तेही मॅडमनी ऐकलं नाही, किंवा ऐकून लिहिलं नाही. पेपरातल्या प्रगटनाचं कात्रण फाईलमध्ये होती. त्या म्हणाल्या, हे ज्यांनी छापलं त्यांनीच लिहून दिलं पाहिजे, त्याशिवाय माझ्याकडून पुढे जाणार नाही. मजकूर त्यांनी सांगितला. ह्या वेळी मी एकही शब्द माझा घातला नाही. 'सदर वस्तू हे वाहन नाही, पूर्वी कधी नव्हते व भविष्यातही होणार नाही.' भविष्यातही ह्या शब्दावर पेन जरा अडकलं. हरिओम म्हणाले, शाई येत नसेल तर माझं घ्या. शाई येत होती.

सही केली. मॅडमनी फोटो काढला, चार टक्के उरले होते. जाताना स्कूटीवर बसून त्या म्हणाल्या, "आजी, ह्या गिरणीचं धुराडं एकदा बघून घ्या. मिश्रणात पेट्रोल जास्त जातंय." आणि गेल्या. सातवं घर बाकी होतं.

घरकुल मंजूर झालं. चार महिन्यांत उभं राहिलं, गाडीपासून वीस पावलांवर. लोखंडी दार आहे, आतून जाड कडी आहे. पहिल्या दिवशी आत्याने ती पंधरा वेळा लावून काढून पाहिली. आता करडं तिथे असतात. नमुना आठमध्ये १४७/अ ला नवं घर लागलं आणि जुन्या जागी काय आहे असा प्रश्न आला तेव्हा हरिओमनी पाहणी अहवाल पाहून लिहिलं, पिठाची गिरणी, बंद. ह्या नोंदीचा परिणाम म्हणून शेजारच्या वस्तीवरच्या केसरबाई आणि आणखी एक बाई पायली पायली ज्वारी घेऊन आल्या होत्या. आत्याने पट्टा तुटलाय सांगून परत पाठवलं.

कराराप्रमाणे डबा माझा झाला. मी एजंटकडे गेलो. त्याने माझं लिहून दिलेलं वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाला की सर, तुमच्याच सहीने ही गाडी नाही, मग मी नाव कशावर लावू. बुद्धिमत्ता चाचणीत अशा प्रश्नाला 'माहिती अपुरी' हा पर्याय असतो.

आता मी रविवारी वस्तीवर जातो, बॉनेट धुतो, आणि पुढच्या सीटवर बसतो. ग्रुपवर काही टाकत नाही. मागच्या रविवारी असाच बसलो होतो तर आत्या खिडकीशी आली. हातात काठी, शेळ्या पुढे निघालेल्या.

"पप्पू म्हनला, आजून चालू व्हती."

"होते," मी म्हणालो. "पण लिहून दिलंय, आत्या."

तिने जाळीकडे पाहिलं. तो एक डोळा उघडाच राहिला आहे, झाकण परत लागत नाही.

"मी शेळ्या घेऊन वरल्या माळाला चालले," ती म्हणाली. "परमेश्वर शिरूरला गेलाय. मला माघारी याला चार वाजतील." काठी खांद्यावर टाकून ती चार पावलं गेली, आणि मागे न बघताच म्हणाली, "दळायचं असलं तर दळून घे."